लिनक्सवर ब्राउझरचा प्लगइन इन्स्टॉल होत नाहीये? शेवटची ओळ सोडा, वरच्या ओळी वाचा

लिनक्स टाकलेल्या कॉम्प्युटरवर ब्राउझरचा एखादा प्लगइन इन्स्टॉल करायला घेतला आणि काम अर्ध्यात थांबलं, की बहुतेक जण दोनच गोष्टी करतात. एक तर तीच कमांड पुन्हा पुन्हा चालवतात, नाहीतर एररची शेवटची ओळ नेटवर शोधतात आणि पहिल्या उत्तरातली कमांड डोळे झाकून पेस्ट करतात. दोन्हींनी काम क्वचितच होतं, आणि दुसऱ्याने तर कधी कधी चालू मशीन बंद पडतं.

मी मूळचा भोरचा. नोकरी पुण्यात, पण सुट्टीला घरी आलो की भोर-वेल्ह्यातून (वेल्हे तालुक्याचं नाव आता राजगड झालंय, पण तोंडात अजून वेल्हेच आहे) कुणाचा ना कुणाचा फोन असतोच. जुने कॉम्प्युटर लिनक्सवर जाण्याचं प्रमाण वाढलंय. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला, विंडोज ११ जुन्या मशीनवर चढत नाही, आणि चांगला चालणारा डबा भंगारात द्यायला जीव होत नाही. तुमचं सगळं काम फोनवर होत असेल, पण घरातला, शाळेतला किंवा दुकानातला असा एखादा डबा कधीतरी तुमच्याच गळ्यात पडणार. 'तुला मोबाईलमधलं सगळं कळतं ना, मग हे बघ जरा,' असं म्हणून.

एक सूचना आधीच देतो. या लेखात कमांड उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या इंग्रजी छोट्या अक्षरांत टाइप करायच्या.

पोतं नाही, पोत्याची पावती

फोनवर ॲप टाकणं म्हणजे एक एपीके फाइल येते आणि ॲपचं सगळं सामान तिच्यात असतं. लिनक्सचं पॅकेज बहुतेक वेळा तसंच असतं. पण ब्राउझर प्लगइनची काही पॅकेजं वेगळी होती, आणि सगळा घोळ तिथेच आहे.

उदाहरण फ्लॅशचं घेऊ, कारण सगळ्यात जास्त रडवलं ते त्याने. उबुंटूमध्ये 'फ्लॅशप्लगइन-इन्स्टॉलर' नावाचं पॅकेज होतं. नावातच सगळं आहे. आत फ्लॅश नव्हता, फक्त इन्स्टॉलर होता. फ्लॅश अडोबीच्या मालकीचा, तो स्वतःच्या भांडारात ठेवून वाटायला लायसन्स आडवं येत होतं. म्हणून पॅकेजमध्ये एक छोटी स्क्रिप्ट दिलेली असायची. पॅकेज बसलं की ती स्क्रिप्ट नेटवरून खरी फाइल आणायची, तिचा हॅश, म्हणजे फाइलच्या बोटाचा ठसा, तपासायची आणि जुळला तरच फाइल जागेवर ठेवायची. थोडक्यात, तुमच्या हातात पोतं आलंच नाही, पोत्याची पावती आली. गोदामात माल नसेल, रस्ता बंद असेल किंवा पोत्यावरचा शिक्का वेगळा असेल, तर पावती हातात असूनही घरात धान्य नाही.

म्हणूनच असं दिसायचं की पॅकेज मॅनेजर म्हणतो 'इन्स्टॉल झालंय', ब्राउझर म्हणतो 'प्लगइन नाही', आणि स्क्रीनवर रोज एक चौकट येते: 'फेल्युअर टु डाउनलोड एक्स्ट्रा डेटा फाइल्स'. तिघंही खरं बोलत असतात. उबुंटूवरची मायक्रोसॉफ्टच्या फॉन्टची पावती (टीटीएफ-एमएसकोअरफॉन्ट्स-इन्स्टॉलर) आजही याच पद्धतीने चालते, त्यामुळे ही चौकट तुम्हाला आजही भेटू शकते.

एरर कुठून वाचायची

डेबियन, उबुंटू, मिंट या घराण्यात पॅकेज बसवण्याचं काम दोघं करतात. एपीटी म्हणजे बाजारहाट करणारा: काय काय लागेल ते ठरवून नेटवरून आणतो. डीपीकेजी म्हणजे घरात सामान लावणारा. काहीही बिघडलं तरी शेवटी जवळजवळ एकच ओळ येते: 'सब-प्रोसेस डीपीकेजी रिटर्न्ड ॲन एरर कोड (१)'. याचा अर्थ इतकाच की सामान लावताना काहीतरी अडलं. हीच ओळ सगळे शोधतात, आणि म्हणूनच हजार वेगवेगळ्या रोगांची औषधं एकाच वेळी समोर येतात.

खरं कारण त्या ओळीच्या दहा-वीस ओळी वर असतं. स्क्रोल करून वर जा आणि 'एरर', 'फेल्ड', '४०४' यातलं काही पहिल्यांदा कुठे आलं ते बघा. फोनने त्या भागाचा फोटो काढून ठेवा. कुणाला विचारायचं झालं तर तोच पाठवा, शेवटच्या ओळीचा नाही. टर्मिनल बंद केलं असेल तरी बिघडत नाही. व्हार, लॉग, एपीटी या फोल्डरमध्ये 'टर्म डॉट लॉग' नावाची फाइल असते, तिच्यात टर्मिनलवर आलेलं जवळपास सगळं जपून ठेवलेलं असतं.

वेल्ह्यातली एक शाळा

मागच्या पावसाळ्यात वेल्हे तालुक्यातल्या एका शाळेतून सरांचा फोन आला. शाळेत तीन कॉम्प्युटर, तिघांवर उबुंटू १८.०४. विज्ञानाच्या जुन्या सीडीवर हृदय कसं चालतं, ग्रहण कसं लागतं याची ॲनिमेशन होती, सगळी फ्लॅशमधली. सरांनी एका मशीनवर फ्लॅश टाकायचा प्रयत्न केला आणि तेव्हापासून त्या मशीनवर काहीच इन्स्टॉल होत नव्हतं. मराठी कीबोर्ड नाही, फायरफॉक्सचा अपडेटही नाही. 'सर, फ्लॅशचं राहू द्या एक वेळ, पण पोरांना टायपिंग तरी करता येऊ दे,' असं ते म्हणाले.

जाऊन बघितलं तर एकाच मशीनवर तीन स्वतंत्र दुखणी होती. नेमकं असंच असतं, म्हणून एक उपाय केला की दुसरी एरर येते आणि माणूस म्हणतो, उपाय चुकला. नवी एरर आली म्हणजे पुष्कळदा एक पायरी पुढे सरकलो असं समजायचं.

पहिलं दुखणं लाइटचं. पॅकेज बसत असताना लाइट गेली होती. डोंगराकडच्या गावांना पावसाळ्यात हे नवीन नाही, आणि शाळेत यूपीएस नव्हता. त्यामुळे डीपीकेजीचं काम अर्ध्यात राहिलं. असं झालं की तो पुढचं कुठलंच काम हातात घेत नाही आणि 'डीपीकेजी वॉज इंटरप्टेड' म्हणून अडून बसतो. हा हट्ट बरोबरच आहे. अर्धवट भिंतीवर स्लॅब कोण टाकेल? यावरचा उपाय एररमध्येच लिहिलेला असतो: 'सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए'. अर्धी राहिलेली सगळी कामं पूर्ण कर, असा त्याचा अर्थ. त्यानंतर 'सुडो एपीटी --फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल', म्हणजे ज्या पॅकेजला लागणारी सोबतची पॅकेजं आली नाहीत, ती आणून दे. या दोन कमांड याच क्रमाने चालवायच्या. दहापैकी सहा-सात मशीन माझ्या अनुभवात इथेच उठून बसतात.

हे चालू असताना एक निळ्या-राखाडी रंगाचं लायसन्सचं पान आलं तर घाबरू नका. फॉन्टच्या पॅकेजचं ते पान आहे. माउस तिथे चालत नाही, आणि पुष्कळ जण मशीन हँग झालं समजून टर्मिनलच बंद करतात, म्हणजे लाइट जाण्याचं काम स्वतःच्या हाताने करतात. टॅब दाबून 'ओके'वर जायचं आणि एंटर दाबायचं, बस.

दुसरं दुखणं घड्याळाचं, आणि हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, कारण त्याच्याकडे कुणाचं लक्षच जात नाही. जुन्या डेस्कटॉपच्या मदरबोर्डवर एक बटण सेल असतो. तो संपला की कॉम्प्युटर बंद केल्यावर तारीख हरवते. या मशीनची तारीख कित्येक वर्षं मागे गेली होती आणि नेटवरून वेळ आपोआप घेण्याची सेटिंगही कुणीतरी बंद केलेली. आता एपीटी भांडाराची यादी आणतो तेव्हा तिच्यावरची तारीख बघतो. यादी आजची आणि मशीन काही वर्षं मागे, मग तो म्हणतो, 'रिलीज फाइल इज नॉट व्हॅलिड येट'. म्हणजे ही फाइल भविष्यातली आहे, मी घेणार नाही! ब्राउझरमध्येही याच कारणाने सुरक्षित साइट उघडत नाहीत, कारण साइटचं प्रमाणपत्र ज्या तारखेपासून सुरू होतं ती तारीख मशीनच्या हिशोबाने अजून उजाडलेलीच नसते. सगळ्यांचा समज मात्र एकच: नेट खराब आहे. तारीख-वेळ नीट केली, आपोआप वेळ घेण्याची सेटिंग चालू केली आणि यादी लगेच आली. सेल मात्र बदलायलाच हवा. बहुतेक बोर्डांवर सीआर २०३२ या नंबरचा असतो आणि घड्याळवाल्याकडेही मिळतो.

तिसरं दुखणं नेटचं. शाळेत नेट म्हणजे सरांच्या फोनचा हॉटस्पॉट. तोरणा-राजगडाच्या कुशीत रेंज एका वळणावर असते आणि पुढच्या वळणावर गायब होते, हे त्या बाजूला फिरलेल्या कुणालाही सांगायला नको. फाइल अर्धी आली की हॅश जुळत नाही आणि 'हॅश सम मिसमॅच' येतं. डेटा पॅक संपला असेल तर त्याहून गमतीदार प्रकार होऊ शकतो: फाइलच्या जागी रिचार्ज करा सांगणारं पान उतरतं, आणि कॉम्प्युटर त्या पानालाच पॅकेज समजून तपासायला घेतो. ठसा अर्थातच जुळत नाही. अशा वेळी 'सुडो एपीटी क्लीन' चालवून अर्धवट उतरलेलं सामान फेकायचं, मग 'सुडो एपीटी अपडेट' करून नव्याने आणायचं. आम्ही फोन खिडकीत ठेवला, यूएसबी केबलने कॉम्प्युटरला जोडला आणि फोनमध्ये यूएसबी टेदरिंग चालू केलं. लिनक्सला त्यासाठी सहसा वेगळा ड्रायव्हर लागत नाही, आणि वायफाय कार्ड नसलेल्या डब्यांसाठी तर हाच रस्ता आहे.

शाळेत भेटल्या नाहीत पण एरवी हमखास भेटतात अशा अजून तीन एरर. 'कुड नॉट गेट लॉक' म्हणजे दुसरं कुणीतरी आधीच पॅकेज बसवतंय. बहुतेक वेळा उबुंटू स्वतःच मागच्या बाजूला अपडेट करत असतं. पंधरा मिनिटं थांबा, चहा घ्या. नेटवर 'लॉक फाइल डिलीट करा' असा सल्ला मिळतो; तो ऐकलात तर दोघं एकाच वेळी सामान लावायला लागतील. '४०४ नॉट फाउंड' म्हणजे भांडारात फाइल त्या जागी नाही. आधी 'सुडो एपीटी अपडेट' करा, तरी तेच आलं तर तुमची आवृत्ती मुदतबाह्य झालेली असण्याची शक्यता मोठी. उबुंटूच्या कमी मुदतीच्या आवृत्त्या काळ संपल्यावर 'ओल्ड-रिलीजेस' नावाच्या वेगळ्या सर्व्हरवर हलवल्या जातात. तिसरी, 'आर्किटेक्चर डझ नॉट मॅच': ३२ बिट मशीनवर ६४ बिटचं पॅकेज टाकताय. 'युनेम -एम' चालवा. उत्तरात ६४ दिसलं तर ६४ बिट, आय६८६ दिसलं तर ३२. क्रोमने ३२ बिट लिनक्स २०१६ मध्येच सोडलंय, त्यामुळे तिथे हट्ट करण्यात अर्थ नाही.

आणि फ्लॅश?

मशीन सुरू झालं, मराठी कीबोर्ड बसला. सरांनी लगेच विचारलं, 'आता येईल ना फ्लॅश?' नाही येणार. सगळं दुरुस्त करूनही येणार नाही, आणि काही प्लगइनच्या बाबतीत हेच खरं उत्तर असतं.

ब्राउझरला बाहेरचा प्लगइन जोडायची जुनी पद्धत, एनपीएपीआय, नेटस्केपच्या काळातली, म्हणजे १९९० च्या दशकातली. तिच्यातून प्लगइनला कॉम्प्युटरवर जवळजवळ मोकळं रान मिळायचं, आणि सुरक्षेची भोकं तिथूनच पडायची. क्रोमने ती २०१५ मध्ये पूर्ण काढली. फायरफॉक्सने मार्च २०१७ मध्ये ५२ व्या आवृत्तीत फ्लॅश सोडून बाकी सगळे असे प्लगइन बंद केले, त्यात जावाचाही गेला. अडोबीने ३१ डिसेंबर २०२० ला फ्लॅश थांबवला आणि १२ जानेवारी २०२१ पासून फ्लॅश प्लेअर स्वतःच मजकूर दाखवायला नकार देऊ लागला. त्याच महिन्यात फायरफॉक्स ८५ आणि क्रोम ८८ मधून त्याचा आधारही गेला. म्हणजे गोदामच बंद झालंय. पावती कितीही वेळा दाखवा.

म्हणून ते पॅकेज काढून टाकायचं: 'सुडो एपीटी पर्ज फ्लॅशप्लगइन-इन्स्टॉलर'. रोज येणारी चौकटही मग थांबते.

सीडीवरच्या ॲनिमेशनसाठी 'रफल' वापरलं. हा फ्लॅश नाही, फ्लॅशच्या फाइल समजून घेऊन चालवणारा नवा, मुक्त प्रोग्रॅम आहे, रस्ट भाषेत लिहिलेला. इंटरनेट आर्काइव्हने २०२० मध्ये जुनी फ्लॅश ॲनिमेशन जपण्यासाठी हाच घेतला. ब्राउझरचं एक्स्टेन्शन म्हणून मिळतो आणि कॉम्प्युटरवर वेगळा प्रोग्रॅम म्हणूनही. त्याच्या साइटवरच्या डेमो पानावर तुमच्याकडची एसडब्ल्यूएफ फाइल उघडता येते, फोनवरसुद्धा. साधी, जुनी ॲनिमेशन छान चालतात. ॲक्शनस्क्रिप्ट ३ वापरणारी काही मोठी अडखळतात. शाळेच्या सीडीतलं हृदय पहिल्या झटक्यात धडधडलं. ग्रहणाचं बटण काही केल्या चालेना, ते सोडून दिलं.

इथे एक गोष्ट फोनवाल्यांनी नीट ऐका. मी पोचायच्या आधी सरांनी फोनवर 'फ्लॅश प्लेअर डाउनलोड' शोधलं होतं आणि कुठल्यातरी साइटवरची एपीके फाइल उतरवूनही ठेवली होती. नशीब, इन्स्टॉल केली नव्हती. अँड्रॉइडवर अडोबीने नव्याने फ्लॅश देणं १५ ऑगस्ट २०१२ लाच थांबवलं. त्यामुळे आज कुणी तुम्हाला फोनसाठी फ्लॅश देत असेल तर ते दुसरंच काहीतरी आहे. बँकेचे पासवर्ड आणि ओटीपी चोरणारी ॲप फ्लॅश प्लेअरच्या नावाने कित्येक वर्षं फिरलेली आहेत. ती ॲक्सेसिबिलिटीची परवानगी मागतात, एकदा दिली की तुमच्या स्क्रीनवरचं सगळं त्यांना दिसतं. ज्या फोनवर यूपीआय आहे, पगार येतो, त्याच फोनवर सीडीतल्या ग्रहणापायी हे घ्यायचं? फाइल तिथेच डिलीट करायला लावली.

आजचं दुखणं

जुने प्लगइन गेले, पण दुखण्याचा नवा अवतार आहे. डिजिटल सहीचा टोकन, पासवर्ड मॅनेजर, ग्नोमची एक्स्टेन्शन, अशांना दोन भाग लागतात: ब्राउझरमध्ये एक्स्टेन्शन आणि कॉम्प्युटरवर मदतनीस प्रोग्रॅम. दोन्ही नीट बसतात आणि तरी एक्स्टेन्शन म्हणतं, 'मदतनीस सापडत नाही'. उबुंटूवर असं झालं तर आधी फायरफॉक्स कुठल्या प्रकारचा आहे ते बघा. उबुंटू २२.०४ पासून 'एपीटी इन्स्टॉल फायरफॉक्स' म्हटलं तरी येतो तो स्नॅप. म्हणजे इथेही पावतीच! स्नॅप ब्राउझरला बंद खोलीत ठेवतो, बाहेरच्या प्रोग्रॅमशी बोलू देताना आडकाठी करतो. सुरक्षेला चांगलं, पण टोकनवाल्यांना ताप. काही एक्स्टेन्शनसाठी नंतर खिडकी उघडून दिली आहे, सगळ्यांसाठी नाही.

मोझिलाने स्वतःचं एपीटी भांडार सुरू केलं आहे. तिथून साधा डेब फायरफॉक्स घेतला की हा प्रश्न बऱ्याचदा सुटतो. फक्त भांडार जोडून भागत नाही, कारण उबुंटूच्या पावतीचा आवृत्ती क्रमांक मुद्दाम मोठा ठेवलेला आहे आणि एपीटी मोठा आकडा निवडतो. मोझिलाच्या सूचनांमध्ये प्राधान्य १००० ठेवणारी एक छोटी फाइल बनवायला सांगितली आहे. ती पायरी गाळू नका. लोक नेमकी तीच गाळतात आणि मग पुन्हा स्नॅप आला म्हणून वैतागतात.

गावात रेंजच नसेल तर? उबुंटूच्या पॅकेज साइटवर जाऊन डेब फाइल फोनवर उतरवता येते. नसरापूर किंवा कापूरहोळला हायवेवर आलात की उतरवून घ्या. उतरवण्याआधी मशीनची आवृत्ती (१८.०४, २२.०४ वगैरे) आणि बिट लिहून न्या, आणि त्या पॅकेजच्या पानावर खाली 'डिपेंड्स'मध्ये जे लिहिलंय तेही बघा, नाहीतर परत हेलपाटा. घरी केबलने फाइल कॉम्प्युटरवर घ्या, त्या फोल्डरमध्ये टर्मिनल उघडा आणि 'सुडो एपीटी इन्स्टॉल'च्या पुढे डॉट, स्लॅश आणि फाइलचं नाव लिहा. डॉट-स्लॅश विसरलात तर एपीटी ते पॅकेजचं नाव समजून भांडाराच्या यादीत शोधायला जाईल. मशीनवर यूपीएस नसेल तर आधी एकदा आभाळाकडे बघा, मगच एंटर दाबा.